पिंपळझरीची सत्तर मिनिटं

१

सत्तर मिनिटं गहाळ होती.

पिंपळझरीच्या कोळसा खाणीत दुपारच्या पाळीला, पाच वाजून चाळीस मिनिटांनी छत कोसळलं. दौलत टेकाम जागीच गेला. पाळीचा सरदार रणजीत आत्राम कमरेखाली चिरडला. खाण विदर्भात, पण तिच्यावर नजर ठेवणारे पडदे हजारेक किलोमीटर लांब, इथे बंगळूरला बेळ्ळंदूरच्या काचेच्या इमारतीत. त्या इमारतीतल्या कॉम्प्युटरवरून साडेचार ते पाच चाळीस एवढ्याच वेळेची नोंद पुसली गेली होती.

हे मला सांगायला महांतेश स्वतः मल्लेश्वरमला घरी आला. मी हणमंतराव, मूळचा निपाणीचा. तीस वर्षं विदर्भातल्या खाणींत सुरक्षा अधिकारी होतो. आता छातीत कोळशाची धूळ आणि खिशात दम्याचा पंप घेऊन मुलीकडे राहतो. महांतेश अथणीचा, माझ्याच हाताखाली शिकलेला. पुढे तो पिंपळझरीचा मॅनेजर झाला आणि आता बेळ्ळंदूरच्या ऑफिसचा सुरक्षाप्रमुख होता.

"सर, कंपनीची अंतर्गत चौकशी आहे. बाहेरचा एक जाणकार लागतो. तुम्ही कागद बघा आणि सही करा, बस्स."

"कागदात काय आहे?"

"चूक सरदाराची आहे. पाळीच्या सुरुवातीला आत जाऊन छत तपासायचं ते त्याचं काम. तो गेलाच नाही. दोन ते साडेचार तो वरच होता, तशी नोंद आहे."

"आणि साडेचारच्या पुढची?"

त्यानं कॉफीचा पेला खाली ठेवला. "ती कुणीतरी पुसली, सर. आमच्यातलाच एक मुलगा आहे, निहार. नागपूरचा. त्याचं आजोळ खाणीच्या पलीकडच्याच गावात. सरदाराला वाचवायला केलं असणार. त्याला घरी बसवलाय. वरच्यांना सांगताना आम्ही केबल तुटली म्हणतो, उगाच बोभाटा नको."

त्यानं कागद माझ्यापुढे सरकवले. मी सही केली नाही. महांतेश मला आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो. आवडत्या माणसाच्या कागदावर चष्मा न लावता सही करण्याची वाईट खोड मला नोकरीत होती, आणि तिची किंमत इतरांनी मोजली होती.

२

रणजीतला ऑपरेशनसाठी कंपनीनं बंगळूरलाच आणलं होतं. शिवाजीनगर बसस्टँडमागच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर. दाराबाहेरच्या बाकावर त्याची बायको बसलेली होती. चंपा तिचं नाव. अपघातानंतरच्या अठरा दिवसांत तिच्याशी आपुलकीनं मराठी बोलणारा मी पहिलाच माणूस असेन, कारण "कुठून आलात?" एवढं विचारताच ती बाकावरून अर्धी उठली.

"तुमी कंपनीचे काय?"

"कंपनीनं बोलावलेला आहे. कंपनीचा नाही."

तिनं मला नीट न्याहाळलं. मग हळू आवाजात म्हणाली, "दौलत माहा भाऊ होता. सख्खा, लहाना."

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो.

"कंपनीचा सायेब सांगून गेला का तुमच्या नवऱ्यानं छत पायलंच नाई. आता गावात माही माय विचारते, जावयानं पोरगं मारलं काय? म्या काय सांगू? यायले विचारलं तर हे भिताडाकडं तोंड करते. अठरा दिवसांत म्या याच्या तोंडात घास नाई घातला. नर्सबाई घालते." तिनं डोळे पुसले नाहीत. "पैशाचं नका सांगू मले. केसचं बी नका सांगू. इतकंच सांगा, यानं माह्या भावाले मारलं काय?"

रणजीत खाटेवर सरळ पडला होता. त्याचा आवाज चांगला खणखणीत होता, फक्त त्यात जीव नव्हता.

"सरदार, दोन वाजता तुम्ही आत गेला होतात का?"

"गेलतो."

"छत ठोकून पाहिलंत?"

"पायलं."

"मग कंपनी म्हणते ते खोटं?"

"माहीच चूक हाये, सायेब," तो म्हणाला, आणि त्यानं मान वळवली.

तपासणी केली म्हणतो आणि वर चूक माझीच म्हणतो! असा आरोपी मी आजवर पाहिला नव्हता. त्या पाळीतल्या वाचलेल्या चौघांचे जबाबही फायलीत होते. सरदार आमच्याआधी आत गेला होता, असं चौघंही सांगत होते. कंपनीनं त्यावर शेरा मारला होता, 'गाववाले, विश्वासार्ह नाहीत'. बाहेर पडताना चंपानं पुन्हा तेच विचारलं. मी तिला दोन दिवस मागून घेतले. कशाच्या जोरावर मागितले, मलाच ठाऊक नव्हतं.

३

बेळ्ळंदूरला पोचायला दोन तास लागले. रिक्षावाला दर सिग्नलला "स्वल्प ट्रॅफिक, सार" म्हणत होता. त्याच्या स्वल्पात माझा पंप दोनदा बाहेर निघाला.

दहाव्या मजल्यावर थंडगार खोली, भिंतभर पडदे, आणि पडद्यांवर पिंपळझरीचे बोगदे रेषारेषांनी काढलेले. छतात बसवलेली यंत्रं छत किती हललं ते मोजतात आणि इथे भोंगा वाजतो. प्रत्येक कामगाराच्या टोपीच्या दिव्यात एक चिप असते. दिवा जिथे, तिथे पडद्यावर ठिपका. पाळी संपली की दिवे खाणीच्या वर, लॅम्परूममध्ये परत ठेवतात. अपघाताच्या दिवशी पडद्यासमोर प्रणिता होती. बेळगावची, जेमतेम तिशीची.

"काका, माझं काय चुकलं सांगा की," तिनं मी बसायच्या आधीच सुरुवात केली. "दोन ते साडेचार दोनशे बारा नंबर लॅम्परूममध्येच दिसतोय. दोनशे बारा म्हणजे सरदार. नोंद आहे ती आहे."

"साडेचारनंतर तू काय पाहिलंस?"

"केबल तुटली म्हणतात न्हवं."

"छत पडलं पाच चाळीसला. मग केबल साडेचारला कशी तुटली? आणि लॅम्परूम तर जमिनीवर असते. तिची नोंद कशी गेली?"

ती पडद्याकडे बघत राहिली.

"भोंगा वाजला होता?"

"आठवत नाही."

"खाणीतून फोन?"

"नाही काका. फोन नाही. कुणाचाच नाही." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मी उठलो तशी तीही उठली आणि लिफ्टपर्यंत आली. "सरदार कसे आहेत? आता बोलताना त्यांना तेवढा दम लागत नाही न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "चांगले खणखणीत बोलतात."

लिफ्टचं दार बंद झालं आणि मग माझ्या लक्षात आलं. या मुलीनं रणजीतला जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं. मग तो धापा टाकत बोलतो, हे हिनं ऐकलं कुठे?

४

निहार जवळच एका उंच इमारतीत चार मित्रांबरोबर राहत होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. नोकरी जाणार हे त्यानं धरूनच चाललं होतं.

"सर, मी डिलीट नाही केलं. ॲक्सेस आम्हां तिघांकडे आहे. मी, प्रणिता, महांतेश सर. पण नागपूरचा मी एकटाच ना. मग ब्लेम कोणावर येणार?"

"तू सरदाराला वाचवायला पुसलंस म्हणतात."

तो कडवट हसला. "वाचवायचंच असतं तर मी दोन ते साडेचार उडवलं असतं ना. त्यांना अडकवणारा डेटा तोच आहे. तो तर जसाच्या तसा आहे."

पोरगं सरळ विचार करणारं होतं. मी त्याच्याजवळ खुर्ची ओढली. "तुझ्याकडे अजून काय दिसतं?"

"जुना बॅकअप आहे. फक्त अपघाताच्या आधीच्या दिवसांचा."

"मग मला दोनशे बाराचा अख्खा महिना दाखव."

कंपनीच्या फायलीत एकाच दिवसाचा कागद होता. एकाच दिवसाचा का, हे मला पहिल्यापासून टोचत होतं. निहारनं महिनाभराचा तक्ता काढला आणि आम्ही दोघंही पडद्यावर वाकलो. दोनशे बाराचा ठिपका सव्वीस दिवसांत एकदाही लॅम्परूममधून हलला नव्हता. पहिल्या पाळीला नाही, दुसरीला नाही, तिसरीला नाही.

"म्हणजे सरदार महिनाभर खाणीत उतरलेच नाहीत?" निहार म्हणाला. "हे इम्पॉसिबल आहे. त्यांची हजेरी आहे, कोळसा निघालाय."

"माणूस उतरला होता, बाळा. दिवा उतरला नव्हता."

"पण दिवा तर त्यांच्याच नावावर आहे."

"दोनशे बारा आधी कुणाच्या नावावर होता, बघ."

त्यानं पाहिलं. नाव निघालं एका जुन्या कामगाराचं. दोन महिन्यांपूर्वी कोळशाच्या डब्यांखाली सापडून तो गेला होता. बंगळूरच्या कॉम्प्युटरनं नंबर रिकामा झालेला पाहिला आणि दिवा बदलून द्यायच्या यादीतल्या पुढच्या माणसाला, म्हणजे रणजीतला, देऊन टाकला.

आता खाणीत न उतरलेल्याला हे कसं समजावं? पिंपळझरीत मेलेल्या माणसाचा दिवा वर्ष होईपर्यंत कुणी डोक्याला लावत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. लॅम्परूमवाला तो दिवा रॅकच्या टोकाला ठेवतो आणि त्या माणसाला गुपचूप जादा दिव्यांतला एक देतो. मी तिथे अधिकारी होतो तेव्हाही हेच चालायचं. मला ते वेडेपण वाटायचं, पण मी कधी अडवलं नाही.

पिंपळझरीच्या लॅम्परूममध्ये अजून देवाप्पाच होता. गुलबर्ग्याकडचा, हयात खाणीत घालवलेला. मी फोन लावला.

"तीनशे चाळीस," तो लगेच म्हणाला. "रणजीतला तीनशे चाळीस देत होतो, साहेब. माझ्या वहीत आहे. मला कुणी विचारलंच नाही."

"बंगळूरला कळवलं होतंस?"

"कळवलं की. नंबर बदलून द्या म्हणून दोनदा फोन केला होता."

"कुणाला?"

देवाप्पानं नाव सांगितलं. मी फोन खाली ठेवला.

५

"तीनशे चाळीसचा त्या दिवशीचा मार्ग मिळेल?" मी निहारला विचारलं.

"सगळाच डेटा गेला असेल, सर." तरी तो शोधत राहिला. जादा दिव्यांची यादी वेगळी असते, ती सहसा कुणी उघडत नाही, म्हणून तिचा ॲक्सेस त्याच्याकडून काढून घ्यायचाही राहून गेला होता. दहा मिनिटांनी त्यानं खुर्ची मागे ढकलली. "सर, हे आहे! हे कोणी पुसलंच नाही!"

त्या दिवशीचा तीनशे चाळीसचा ठिपका आम्ही पहिल्यापासून बघितला. दोन वाजून दहा मिनिटांनी तो खाणीत उतरला. दोन चाळीसला कोळसा काढायच्या जागी पोचला, इतरांच्या बराच आधी. तिथे वीस मिनिटं इंच इंच सरकत राहिला. छत ठोकत जाणारा माणूस असाच सरकतो. चार वाजता पुन्हा तिथेच. मग घाईनं, जवळजवळ पळत, बोगद्यातल्या फोनपर्यंत. तिथे चार छत्तीस ते चार एकेचाळीस. परत. मग कामाच्या जागेच्या तोंडाशी फेऱ्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे, जवळजवळ तासभर. पाच एकतीसला ठिपका एकदम आत शिरला. पाच चाळीसला थांबला.

निहारनं डोळ्यांवर हात ठेवले.

मी बाल्कनीत जाऊन प्रणिताला फोन केला. एवढंच म्हटलं, "तुला त्यांचा दम कसा माहीत, पोरी?"

पलीकडून रडणं. "पळत आले होते वाटतं काका, बोलताच येत नव्हतं त्यांना. छत बोलतंय, कडकड आवाज येतोय म्हणाले, माणसं बाहेर काढतो म्हणाले. आमच्याकडे इथल्या परवानगीशिवाय काम थांबवायचं नाही असा नियम आहे. भोंगापण वाजत होता. मला काय कळतंय छतातलं? मी फोन जोडून दिला."

"कुणाला?"

"सरांना. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, फोन आलाच नव्हता असं सांग, तुझीपण नोकरी राहील. मला नाही हो झोप लागत त्या दिवसापासून."

तिचे सर म्हणजे तेच, ज्यांचं नाव देवाप्पानं सांगितलं होतं.

६

महांतेशच्या केबिनमधून बेळ्ळंदूरचं तळं दिसतं. त्यानं कॉफी मागवली आणि पेन पुढे केलं.

"सर, वाचलंत?"

"वाचलं. पुसणारा कोण तेही कळलं."

"निहारच ना?"

"निहारला सरदाराला वाचवायचं असतं तर त्यानं दोन ते साडेचार पुसलं असतं. पुसणाऱ्याला नको होतं ते त्यापुढचं. त्यात भोंगा होता आणि फोन होता. आणि पाच चाळीसला रणजीत दगडाखाली पडलेला असताना दोनशे बारा नंबर वर रॅकवर शांत बसलेला दिसत होता. ते एक चित्र राहिलं असतं तर तुझा सगळा कागद फुकट गेला असता."

त्यानं पेन परत खिशाला लावलं.

"प्रणिताला भोंग्याची नि फोनची भीती वाटली असेल. पण तिच्या लेखी दोनशे बारा म्हणजे रणजीतच. ती काल मला तेच पटवून देत होती. दिवा एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हे ज्याला आधीपासून माहीत होतं, त्यालाच दोनशे बाराची भीती. देवाप्पानं तुला दोनदा फोन केला होता. शिवाय तू तिथला मॅनेजर होतास, मेलेल्याच्या दिव्याचं तुला सांगायला नको. म्हणून तर फायलीत एकच दिवस लावलास. दुसरा दिवस लावला असतास तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं."

"सर—"

"फक्त देवाप्पानं कुठला दिवा दिला ते तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर तीनशे चाळीसही गेला असता."

महांतेशनं चष्मा काढला. एकदम म्हातारा दिसायला लागला.

"बारावा भोंगा होता, सर, त्या महिन्यातला. अकरा वेळा मी काम थांबवलं, अकरा वेळा काहीच झालं नाही. अकराव्या वेळी वरच्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही खाण चालवायला बसलात की बंद करायला? रणजीतनं फोन केला तेव्हा मी पडद्यावर बघितलं. आकडा फार नव्हता. म्हटलं, थांब, तासभर बघू, तोवर चालू ठेव."

"तू त्याला काय शिकवलं होतंस, तो नवा सरदार असताना?"

"जे तुम्ही मला शिकवलंत." त्यानं चष्मा टेबलावर ठेवला. "ज्यानं छत ठोकलं त्याचंच ऐकायचं."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटला. दोन्हीतलं काही केलं नाही. खाण सुरक्षेच्या सरकारी तपासनिसांना निहारनं सकाळीच तीनशे चाळीसची नोंद पाठवली होती, प्रणिताचा लेखी जबाबही सोबत होता, ते सांगितलं.

"माझं काय होईल, सर?"

"ते विचारतील त्याचं खरं उत्तर दे. पहिलं खोटं पचलं म्हणून पुढचं पचत नाही."

कागद सहीशिवाय तिथेच ठेवून मी निघालो. एक प्रश्न मात्र उरला होता, आणि त्याचं उत्तर कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नव्हतं.

७

चंपा बाकावरच होती. मी तिला आत घेऊन गेलो. रणजीतच्या देखतच सगळं सांगितलं. दोन चाळीसची तपासणी, चारची तपासणी, फोन, महांतेश. रणजीत डोळे मिटून ऐकत होता.

"पाच एकतीसला हा आत गेला," मी म्हटलं. "परवानगी नसताना. चौघांना बाहेर काढलं, त्यांच्या जबाबात तेही आहे. दौलत सगळ्यांत आत होता. त्याला आणायला हा पुढे गेला आणि छत पडलं. यानं तुमच्या भावाला मारलं नाही, चंपाबाई."

तिनं तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते. कॉरिडॉरमधून कुणीतरी कन्नडमध्ये मोठ्यानं नर्सला हाक मारत होतं. मला वाटलं, झालं, माझं काम संपलं. पण खाणकामगाराच्या बायकोला आकडे कळतात, हे मी विसरलो होतो.

"फोन कितीले केलता म्हणता?"

"चार छत्तीसला."

"आन आत गेला साडेपाचले." ती नवऱ्याकडे वळली. अठरा दिवसांत पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलली. "तासभर काऊन थांबले तुमी?"

रणजीतनं डोळे उघडले.

"महांतेश सायबानं सांगतलं," तो म्हणाला. "त्यायनंच मले शिकवलं व्हतं. वाटलं, त्यायले तिथून जास्त दिसत असन. तासभर दारात फिरलो. छत बोलतच व्हतं, चंपा. मले आयकू येत व्हतं. नवकरीचं बी डोस्क्यात आलं. खोटं नाई सांगत. म्हून म्हणतो, माहीच चूक."

मी मध्ये पडलो. कायद्यानं त्याला माणसं बाहेर काढायचा हक्क होता, पण कंपनीच्या नियमानं त्याचे हात बांधले होते, असं बरंच काही बोललो. ती माझं ऐकत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं स्टुलावरची वाटी उचलली. त्यात नर्सनं ठेवलेला भात होता, गार झालेला. तिनं तो चमच्यानं सारखा केला.

"मायचा फोन येईल आता," ती म्हणाली. "तिले सांगतो, दौलतले आनाले हाच आत गेलता."

"तेच खरं आहे," मी म्हटलं.

"हो. खरंच हाये." तिनं पहिला घास त्याच्या ओठांशी नेला. "त्या तासाचं मातर म्या कोनाले नाई सांगत. थो माह्याजवळ राहील."